थोरलीची चाकं

आमच्या भाऊजींनी गाडी आधी घेतली आणि लग्न नंतर केलं, म्हणून माझी बहीण त्या गाडीला थोरली म्हणते आणि स्वतःला धाकटी. गाडी म्हणजे टोइंगची. मागे हुक, साखळ्या आणि उचलायचा दांडा असलेला जुना ट्रक. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली, खड्ड्यात गेली, कुणाला धडकली, की भाऊजींना फोन येतो आणि ते थोरलीला घेऊन निघतात. ताईच्या बाळंतपणाच्या वेळी तिला दवाखान्यात नेलं तेही थोरलीतूनच. वाटेत एक बंद पडलेली व्हॅन दिसली तेव्हा ह्यांचा पाय ब्रेककडे गेला होता, असं ताई अजून सांगते. भाऊजी म्हणतात, नुसता गेला होता, दाबला नव्हता.

माणूस अतिशय हट्टी. दुसऱ्याने आवळलेला नट पुन्हा स्वतः आवळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. जुन्या दोरांचे तुकडे, गंजलेल्या कड्या, कशाकशाची झाकणं असलं सगळं घराच्या मागच्या शेडमध्ये साठवून ठेवलंय, आणि त्यातलं काही टाकायला काढलं की लहान मुलासारखे रुसतात. मी त्यांच्याशी या विषयांवर इतकी वर्षं भांडलोय की आता भांडण झालं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. पण एक गोष्ट मी मानतो. गाडी फोडून घेऊन रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी कधी "कसं काय झालं?" असं विचारलं नाही. ते विचारतात, "घरी कळवलंत का?" बरीच माणसं तिथेच रडायला लागतात. मी एकदा याबद्दल छेडलं तर म्हणाले, "कसं झालं ते पोलीस विचारतील, विमावाले विचारतील, बायको तर विचारेलच. मी आणखी कशाला?"

त्यांना एकच मुलगी. माझी भाची मालवाहू ट्रक चालवते, एका कंपनीत नोकरीला आहे. तिचा नवरा शाळेत गणित शिकवतो आणि बायको ट्रक चालवते याचं त्याला काडीचंही नवल वाटत नाही. साखळी कुठे अडकवायची, हुक कुठे लावला तर समोरच्या गाडीचा बंपर हातात येईल, हे सगळं ती फ्रॉक घालायची तेव्हापासून जाणते. थोरली आपल्याला मिळावी ही तिची इच्छा घरात कुणापासून लपलेली नव्हती. भाऊजींपासूनही नव्हती, पण विषय निघाला की त्यांना नेमकं शेडमध्ये काहीतरी शोधायचं असायचं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. एका सकाळी भाऊजी सहज आले, आणि आत येताना डावीकडच्या स्टुलाला धडकले. ते स्टूल तिथेच असतं. जाताना पुन्हा त्यालाच धडकले आणि उलट मलाच म्हणाले, "दुकान आहे की अडगळ?" मी त्यांना बसवलं. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मग मी त्यांना नाकासमोर बघायला सांगून बाजूला बोटं हलवली, तर ती त्यांना बऱ्याच उशिरा दिसली. त्याच दिवशी त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ट्रकवाल्याला ओढून नेण्याचा मान मलाच मिळाला, असा विनोद मी वाटेत केला, पण त्यावर दोघांनाही हसू आलं नाही.

काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं हळूहळू पुसत जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब टाकून सांभाळायचं. डॉक्टर म्हणाले, अंधारात गाडी आजपासून बंद, आणि दिवसाउजेडीही आता फार वर्षं चालवता येईल असं धरू नका. भाऊजींनी मान डोलावली आणि घरी येऊन थेंबांचीच गोष्ट तेवढी सांगितली. बाकीची मी सांगितली. माझ्या पोटात काही राहत नाही, आणि असली गोष्ट राहूही नये. ताईचं म्हणणं पडलं, गाडी विकून टाका. भाची म्हणाली, मला द्या. भाऊजी शेडमध्ये काहीतरी शोधायला गेले.

असेच काही महिने गेले. अंधार पडला की थोरली शेडसमोर उभी आणि भाऊजी तिच्याभोवती कापड घेऊन फिरताहेत. मग गाडी तपासणीला न्यायची वेळ आली आणि तपासणाऱ्याने ती परत पाठवली. टायरना कडेने भेगा पडल्या होत्या, आणि मागच्या एका डिस्कला, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या लोखंडी चाकाला, नटाच्या भोकापासून तडा गेला होता. चाकं बदलल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. ताईला वाटलं, चला, सुटलो. पण भाऊजी म्हणाले, "आधी चाकं बघू." विकायचंय की ठेवायचंय, ते त्यातून कुणालाच कळेना.

टायरवाल्याकडे जाताना त्यांनी मलाही सोबत घेतलं. टायरच्या कडेवर तो किती वजन पेलतो, कधी बनला, ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाचायचा चष्मा माझ्याच दुकानातून नेलेला आणि कपाटात पडलेला. चष्मा लावण्यापेक्षा मेहुण्याला गुडघ्यावर बसवणं त्यांना जास्त सोयीचं. भाचीने त्या दिवशी सुट्टी काढली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

टायरवाला भाऊजींचा जुना दोस्त. त्याचा उजवा हात कोपराखाली थोडा वाकडा आहे. त्याचं कारण थोरलीच्या चाकांसारखंच एक चाक. या जुन्या पद्धतीच्या डिस्कला एका बाजूने सुटी लोखंडी रिंग असते. टायर चढवायचा, रिंग खाचेत ठोकून बसवायची आणि हवा भरायची. सोय अशी की भर रस्त्यात एक पहार आणि एक हातोडा एवढ्यावर चाक खोलता येतं. धोका असा की रिंग खाचेत नीट बसली नसेल तर हवेच्या दाबाने ती सुटते आणि पुढ्यात जो असेल त्याचं हाड मोडते, नाहीतर जीव घेते. म्हणून हवा भरताना असं चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं असतं. टायरवाल्याकडे पिंजरा आहे. त्यात जुन्या ट्यूबा भरलेल्या आहेत.

"रिंग नीट बसवली नव्हती यानं," भाऊजी त्या हाताबद्दल नेहमी म्हणायचे. "रिंगचा काय दोष?" ते स्वतः आयुष्यभर रिंग जमिनीवर ठोकत आले, वर वाकून, हवा भरता भरता. मी शंभर वेळा पाहिलंय.

टायरवाल्याने दोन पर्याय पुढे ठेवले. एक, तशाच रिंगवाल्या जुन्या पण धड डिस्क, त्यावर रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले. दोन, नव्या पद्धतीच्या एकसंध डिस्क, रिंगबिंग काही नाही, त्यावर कोरे ट्यूबलेस टायर. मग त्याने नेहमीचाच प्रश्न विचारला. "दादा, अजून किती वर्षं चालवायचीय त्यावर आहे."

तो बिचारा सगळ्यांनाच हे विचारत असणार. पण आमच्यासाठी तो साधा प्रश्न नव्हता. मी उगाच एका टायरवरचा आकडा पुन्हा वाचला. भाची बापाच्या तोंडाकडे बघत होती.

"मला पुरतील एवढे दे," भाऊजी म्हणाले. "रिंगवालेच. रिमोल्ड."

मला. म्हणजे तिला नाही. भाचीला ते कळलं आणि तिने मान वळवली. पण तीही त्यांचीच मुलगी, गप्प बसेल कशी? तिने दुसरीच बाजू उकरून काढली.

"निदान पुढचे दोन तरी कोरे घ्या, बाबा."

"वजन मागे असतं. चांगले टायर मागे घालायचे."

"गाडी अडकवली की मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. वळणावर स्टिअरिंग हाताला लागत नाही. तुम्हाला माहितीय."

"इतकी वर्षं लागतंय ना?"

"लागतंय कारण तुम्ही रांगत वळता. मागून लोक हॉर्न वाजवून जीव खातात."

टायरवाला हसला आणि व्हॉल्व्ह आणायला आत गेला. भाऊजी दुकानाच्या दाराशी जाऊन थोरलीकडे बघत उभे राहिले. जॅकवर चढवलेली, एका बाजूने चाकं काढलेली गाडी बघवत नाही, तरी ते नजर न हलवता तिच्याकडेच बघत होते. मी त्यांच्याशेजारी होतो. पहिला रिमोल्ड रिंगवाल्या डिस्कवर चढवून जमिनीवर आडवा ठेवलेला होता. भाचीला हात रिकामा ठेवायची सवय नाही. तिने हवेची नळी लावली, हातोडा घेतला, रिंगवर वाकली आणि हवा भरता भरता रिंग ठोकून घ्यायला लागली. ठक, ठक, थोडं फिरून पुन्हा ठक. तिचा चेहरा रिंगच्या अगदी वर होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिच्या बापाचीच ती पद्धत, हात फिरवायची लकबसुद्धा त्यांचीच.

ती भाऊजींच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर होती, आणि त्यांना दिसत नव्हती. आवाज मात्र आला. झोपेतसुद्धा तो आवाज ते ओळखतील. त्यांनी अख्खी मान वळवली, तेव्हा कुठे ती दिसली.

त्यांना धावताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी नळी उपटली, मग तिला दंडाला धरून असं मागे खेचलं की ती बसकण मारून पडली. हातोडा माझ्या पायाशी येऊन पडला. चाकातली हवा सूं करत बाहेर गेली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" भाऊजी ओरडले. "तोंड कुठे होतं तुझं? कळतंय का?"

"असंच करतात, बाबा." ती दंड चोळत उठली. "तुम्हीच शिकवलंय."

"मी केलं म्हणून तू करायचं?"

"मग कुणी केलं म्हणून करायचं?"

भाऊजी एका टायरवर बसले. टायरवाला व्हॉल्व्ह घेऊन बाहेर आला, आमची तोंडं बघितली आणि जिथल्या तिथे थांबला. भाऊजींनी त्याच्या वाकड्या हाताकडे एकदा बघितलं, तो हात पहिल्यांदाच दिसत असल्यासारखं.

"हे उतरव," ते म्हणाले. "रिंगवालं एकही नको. एकसंध दाखव. सगळीच्या सगळी. स्टेपनीसुद्धा."

"पण दादा, तुम्हीच म्हणालात, मला पुरतील एवढे..."

"मला पुरले. हिला नकोत."

भाचीने हातोडा उचलला, जागेवर ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. मग मला म्हणाली, "मामा, चहा सांगा ना." मी चहा सांगायला गेलो आणि तिथेच जरा वेळ काढला. त्या बापलेकीजवळ उभं राहायला मला जड जात होतं.

हो म्हणायला इतके महिने लावणाऱ्या माणसाला आता घाई सुटली. आजच्या आज चाकं बसली पाहिजेत. टायरवाल्याकडे एका भंगारात निघालेल्या ट्रकच्या एकसंध डिस्क होत्या. भोकं जुळली, नट बसले. थोरलीला मागे एकेका बाजूला दोन दोन चाकं, शेजारी शेजारी चिकटून. त्या दोन टायरांमध्ये मोकळी जागा लागते. भाऊजींनी त्यात मूठ घालून बघितली, गेली. टायरवाल्याने आपली मूठ घालून बघितली, तीही गेली. दोघे एकमेकांकडे बघून खूष झाले. हयात या धंद्यात गेलेली दोन माणसं, आणि दोघांनीही रिकाम्या गाडीला मूठ लावली. जिचं कामच ओझं उचलायचं, तिला!

"ओझं घालून बघू या," भाची म्हणाली.

"मूठ जातेय की."

"ओझं घालून बघू या, बाबा."

ओझं म्हणून माझी गाडी निघाली. धडधाकट गाडी, आदल्याच आठवड्यात धुतलेली. भाचीने जोडचाकांच्या आतल्या कडांना खडूने जाड पट्टे मारले, माझी गाडी पुढच्या बाजूने उचलून टांगली आणि भाऊजी बाजारातून एक फेरी मारून आले. वाटेत मला ओळखणाऱ्या प्रत्येकाने काय झालं म्हणून विचारलं. औषधाच्या दुकानदाराने तर सांत्वनही केलं. परत आल्यावर तिने आत डोकावून बघितलं आणि बापाला हाक मारली. खडू दोन्ही टायरांवरून पुसून गेला होता. वजन पडलं की टायर खाली दबून कडेने फुगतात, आणि या डिस्कचा खोलगटपणा कमी असल्यामुळे दोन्ही एकमेकांना घासत होते. अशीच लांब पल्ल्याला गेली असती तर तापून पेटली असती.

भाऊजींनी बराच वेळ तिथे बोट फिरवलं. "माझं चुकलं," ते म्हणाले. मी हे वाक्य त्यांच्या तोंडून याआधी कधी ऐकलेलं नव्हतं म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो. टायरवाल्याने त्या डिस्क परत घेतल्या आणि जास्त खोलगट, बरोबर मापाच्या मागवल्या. त्या येईपर्यंत बाप आणि लेक रोज संध्याकाळी टायरवरून वाद घालत बसायचे. मागे कुठली नक्षी, पावसात कुठली, पुढे कोरे की मागे कोरे. शेवटी पुढच्या चाकांच्या बाबतीत भाऊजींनी हात टेकले. "बघ बाई, स्टिअरिंग तुला धरायचंय." हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, पाणी दे म्हणावं तसं. ताई आत भांडी लावत होती, तिच्या हातातलं भांडं तिथेच थांबलं.

चाकं आली, बसली. या वेळी खडू जागेवर राहिला. तपासणीही पार पडली. ताईने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "थोरलीला नवे जोडे. धाकटी बसलीय अनवाणी." पण विकायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मला हळूच म्हणाली, "पोरगी आहे सोबत, आता मला झोप तरी लागेल." भाचीने कंपनीला नोकरी सोडत असल्याचं कळवून टाकलं.

पहिला फोन आला तेव्हा आम्ही सगळे अंगणातच होतो. दिवस मावळायला आला होता. पुलाखालच्या वळणावर एक गाडी कठड्याला घासून अडकली होती, आत नवरा, बायको आणि मूल, कुणाला काही लागलं नव्हतं. भाऊजींनी पत्ता विचारून घेतला. "घरी कळवलंत का?" असं विचारलं. फोन ठेवून ते सवयीने स्टिअरिंगच्या दाराशी गेले आणि हात दाराच्या मुठीवर ठेवला. भाची मागे साखळ्या चढवत होती. तिने बघितलं आणि ती साखळ्याच चढवत राहिली. ती आपणहून त्या दाराकडे येणार नव्हती हे मला ठाऊक होतं. त्यांनी "मीच जातो" म्हटलं असतं तर ती शेजारी बसली असती, आणि अंधारात, त्या वळणावर, तिच्या बाजूचं त्यांना काही दिसलं नसतं.

भाऊजींनी मुठीवरचा हात काढला. ते गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेले.

भाची चढून स्टिअरिंगवर बसली. पलीकडचं दार मात्र उघडेना. भाऊजींनी मूठ ओढली, पुन्हा ओढली. ते दार बाहेरून उघडत नाही. कित्येक वर्षांपूर्वी मोडलंय, आणि त्यांनीच ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण त्यांना त्याची गरज पडली नाही. रस्त्यात अडकलेली माणसं त्या दाराशी येऊन उभी राहायची आणि भाऊजी आतून वाकून उघडून द्यायचे. आता ते स्वतः तिथे उभे होते, हात खाली सोडून. ताईने माझा हात घट्ट धरला.

भाची सीटवरून पूर्ण आडवी झाली, आतली कडी ओढली आणि दार ढकललं.

"या, बाबा," ती म्हणाली.

ते चढले. सीटवर बसून त्यांनी दार ओढून घेतलं, आणि हात कुठे ठेवायचे ते न कळून काही वेळ ते तसेच हवेत धरून बसले.